जुनी बाईक घेताना आधी कंबर बघा, मग किंमत

परवाच्या व्हिडिओत जुन्या बाईकचं गणित फळ्यावर जरा घाईत झालं. ते इथे निवांत लिहून देतो.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात बाईक ही हौस नाही, भांडवल आहे. सकाळी दूध, दुपारी सेनगाव नाहीतर औंढ्याच्या बाजाराला माल, संध्याकाळी वसुली. दिवसाचे तीन-चार तास त्याच सीटवर जातात.

माझीच चूक सांगतो. धंद्याच्या सुरुवातीला 28 हजारांत एक चकचकीत गाडी घेतली. रंग बघितला, चालवून बघितली नाही. हँडल डावीकडे ओढायचं. महिनाभरात खांदा आणि कंबर दोन्ही धरले, चार दिवस दुकान बंद ठेवलं. भावात वाचवलेले पैसे तिथेच गेले.

आराम कसा तपासायचा?

1. गाडी इंजिन थंड असतानाच बघायला जा. आधीच गरम करून ठेवली असेल तर कारण विचारा. चालू केल्यावर निळसर धूर येत राहिला, तर इंजिन ऑइल जळतंय समजा.
2. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकायला हवेत. माल लादलेली गाडी एका पायावर सावरत नाही.
3. मागे रोजच्या वजनाएवढं पोतं बांधा आणि निदान दहा किलोमीटर फिरवा, थोडा डांबरी, थोडा खडीचा रस्ता. हळू वेगात हँडल सैल धरा. गाडी एका बाजूला जात असेल तर चिमटा किंवा चासी वाकलेली असू शकते. मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढचं बोलूच नका.
4. टायरवरचे चार आकडे वाचा. 2321 म्हणजे 2021 सालातला 23वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं, पकड सोडतं.

भाव कसा ठरवायचा?

मालकाने किती दिले होते, यावरून नाही. तीच गाडी आज शोरूमला कितीला मिळते, तिथून सुरुवात करा. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. विकणारा मात्र त्याआधीच्या बिलाचा आकडा सांगत बसतो. टायर, चेन किट, शॉकअप, विमा, जे लगेच करावं लागणार ते कागदावर मांडा आणि भावातून वजा करा.

आता रोजचा खर्च काढू. समजा दोन्ही गाड्या तीन वर्षं, म्हणजे 900 कामाचे दिवस वापरल्या.

पहिली 38 हजारांची. दुरुस्ती 12 हजार, शेवटी विकली 20 हजारांना. निव्वळ खर्च 30 हजार, म्हणजे रोजचे 33 रुपये.

दुसरी 50 हजारांची. दुरुस्ती 3 हजार, विकली 32 हजारांना. निव्वळ खर्च 21 हजार, म्हणजे रोजचे 23 रुपये.

आता सांगा, स्वस्त कोणती?

कागद

आरसी बुकावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली चलनं बघा. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. सह्या त्याच दिवशी घ्या. "नंतर देतो" म्हणणारा माणूस नंतर फोन उचलत नाही. गाडी त्याच्याच नावावर राहिली, तर उद्या विकताना अडून बसाल तुम्ही.

मित्रांनो, पाचशे-हजारासाठी घासाघीस जरूर करा, पण पोतं बांधून दहा किलोमीटर झाल्यावरच. परत आल्यावर पाठ काय म्हणते ते आधी ऐका, मग विकणाऱ्याचं.