'सुवार्ते'तला 'सु' आणि डॉक्टरांचा 'यू'

'सुवार्ता' हे मासिक ठाऊक नाही असे ख्रिस्ती घर वसईत शोधूनच काढावे लागेल. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ पासून २००७ पर्यंत त्याचे संपादन केले आणि वसईच्या हिरवाईसाठी झालेल्या लढ्याबरोबर हे नाव वसईबाहेरच्या मराठी वाचकांपर्यंतही पोचले. नाव इतके मराठमोळे, की ते मूळ ग्रीक शब्दाचे शब्दशः भाषांतर आहे हे चटकन लक्षात येत नाही. बायबलचा नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यातला शब्द 'युआंगेलिऑन'. यातला 'यू' म्हणजे चांगला, आणि पुढचा भाग निरोपाचा, बातमीचा. 'यू'च्या जागी 'सु' आला, निरोपाच्या जागी 'वार्ता' आली. 'शुभवर्तमान' हा शब्दही त्याच साच्यातला.

हे भाषांतर इतके चपखल बसते त्याला कारण आहे. ग्रीक 'यू' आणि संस्कृत 'सु' ही एकाच घरातली भावंडे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्यांची विरुद्ध जोडीही तशीच: ग्रीक 'डिस' आणि आपला 'दुस्' किंवा 'दुर्'. डॉक्टर धाप लागण्याला 'डिस्प्निया' म्हणतात, तेव्हा ते जवळजवळ 'दुःश्वास' म्हणत असतात. 'डिसेंट्री'त तोच 'डिस' आतड्याला चिकटला आहे. सुगंध आणि दुर्गंध, सुकाळ आणि दुष्काळ ज्याला कळतात त्याला वैद्यकातली निम्मी ग्रीक उपसर्गांची भीती बाळगण्याचे कारण नाही.

मात्र देवनागरीत एक घोटाळा होतो. लिपी आपली उच्चाराला इमानी, त्यामुळे जे जे 'यू' ऐकू येते ते ते आपण 'यू'च लिहितो. 'यूरिया'तला यू मूत्रासाठीच्या ग्रीक शब्दातून आला, 'यूटेरस' तर लॅटिन आहे, आणि 'युनानी' हकिमांचा यू आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावातला. यातला कोणीही 'चांगला' नव्हे! यूरिया वाढला म्हणजे चांगले काही वाढले असे कोणी समजू नये.

आता खरा 'यू' पाहू. विरार किंवा नालासोपाऱ्याच्या एखाद्या लॅबमधून थायरॉइडचा रिपोर्ट आणला आणि त्यावर 'युथायरॉइड' असे लिहिलेले दिसले की माणूस दचकतो. 'हायपो' ठाऊक असतो, 'हायपर' ठाऊक असतो. हा कुठला तिसरा आजार? तो आजारच नाही. ग्रंथीचे काम जसे चालायला हवे तसे चालले आहे, एवढाच त्याचा अर्थ. वैद्यकातला 'यू' सहसा असा मवाळ असतो. 'उत्तम' असे तो म्हणत नाही, 'ठीक' म्हणतो. सहज चाललेला श्वास म्हणजे 'युप्निया'. जीवशास्त्रात त्याचा अर्थ 'खरा, पुरता' असाही होतो. ज्या पेशीत पुरते तयार झालेले केंद्रक असते ती 'युकॅरिओटिक'. आपल्या शाळेच्या पुस्तकांनी तिला 'दृश्यकेंद्रकी' म्हटले. 'सुकेंद्रकी' म्हणण्याचा मोह टाळला हे मला फार आवडते, कारण मुलाला सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसायचे तेच शब्दात आले.

पण रिपोर्टातला हा 'ठीक' कधी कधी फसवतो, आणि हे मधुमेही वाचकांनी जरूर वाचावे. डापाग्लिफ्लोझिन आणि त्याच्या कुळातल्या गोळ्या मूत्रावाटे साखर बाहेर टाकतात. औषध चांगले आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडालाही त्याचा फायदा होतो. भारतात २०२० मध्ये त्याचे पेटंट संपले आणि ते बऱ्याच जणांच्या आवाक्यात आले. या गोळ्या घेणाऱ्या थोड्या रुग्णांत 'युग्लायसेमिक कीटोअॅसिडोसिस' नावाची गुंतागुंत होते. एरवी मधुमेह्याच्या रक्तात अशी आम्ले साचतात तेव्हा साखरही भरमसाट वाढलेली असते, त्यामुळे घरच्यांना धोका कळतो. इथे ग्लुकोमीटरवरचा आकडा फारसा चढत नाही. म्हणून नावात 'यू', म्हणजे साखर ठीक! आणि रुग्ण मात्र ओकतो आहे, पोट दुखते आहे, श्वास जोरजोराने चालला आहे. उपाशी राहणे, तापाचे आजारपण, शस्त्रक्रिया ही त्याची निमित्ते. एकादशी असो, रमजान असो की ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, या गोळ्या चालू असतील तर उपासाआधी डॉक्टरांना विचारावे. मनाने गोळी सोडू नये, आणि अशी लक्षणे दिसली तर आकड्यावर विसंबून घरीही थांबू नये.

हाच 'यू' पाण्यात उतरला की आणखी लबाड होतो. वसईच्या वाड्यांमधून बावखले आहेत, म्हणजे पावसाचे पाणी धरून ठेवणारी जुनी तळी. भाजी, फुले, केळी यांना पाणी मिळे, शिवाय ते जमिनीत मुरून विहिरींना आधार होई. जमिनीखालच्या गोड्या पाण्याचा दाब टिकला तरच समुद्राचे खारे पाणी दूर राहते, हे किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याला सांगायला नको. शहर वाढले, काही बावखले भरावाखाली गेली. अशा उरलेल्या तळ्यात सांडपाणी, साबणाचे पाणी, शेतातले खत उतरू लागले की त्यातल्या नत्र आणि स्फुरदामुळे शेवाळ आणि जलपर्णी माजते. वरून पाहावे तर हिरवेगार! खाली सडणाऱ्या शेवाळावर जीवाणू तुटून पडतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे मरतात. या प्रकाराचे शास्त्रीय नाव 'युट्रोफिकेशन', शब्दशः 'सुपोषण'. अंगणवाडीच्या भिंतीवर शोभावा असा शब्द! पण हे पाणी उपासाने मरत नाही, अजीर्णाने मरते. इथे 'सुपोषण' हा शब्द मला तरी चालणार नाही. 'पाण्याचे अजीर्ण' म्हटले तर वाडीतल्या म्हाताऱ्याला कळेल आणि नगरसेवकालाही.

माणसांच्या बाबतीत तर या उपसर्गाने रक्त सांडले आहे. १८८३ मध्ये इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने 'युजेनिक्स' हा शब्द घडवला, म्हणजे चांगल्या जन्माचे शास्त्र. मराठीत ते 'सुप्रजननशास्त्र' झाले. 'सुप्रजा' कोणाला नको? पण चांगले कोण हे ठरवणारा कोण, हा प्रश्न त्या 'सु'खाली झाकला गेला. १९३३ मध्ये जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला. त्याआधी काही वर्षे आपल्या इरावती कर्वे बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत संशोधन करत होत्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर. योगायोग असा, की 'ऑयगेन' या नावाचा अर्थही 'सुजात' असाच. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध लागतो का, हा विषय होता. इरावतीबाईंनी मोजमापे घेतली आणि तसा संबंध दिसत नाही असे प्रबंधात लिहिले. पुण्याहून गेलेल्या तरुण विद्यार्थिनीने त्या गुरूसमोर हे लिहायला काय धैर्य लागले असेल!

पुढे १९३९ पासून त्याच जर्मनीत अपंग आणि मनोरुग्णांना ठार मारण्यात आले, पहिल्या दोन वर्षांतच ७०,००० हून अधिक. त्यालाही नाव दिले ते 'युथनेशिया'. मुळात हा शब्द निरुपद्रवी होता. रोमचा सम्राट ऑगस्टस आपल्याला सुखाचे मरण यावे म्हणून हाच ग्रीक शब्द वापरी, असे त्याच्या चरित्रकाराने नोंदवले आहे. मारणे त्यात नव्हतेच.

मराठी वर्तमानपत्रांना हा शब्द मिळाला तो अरुणा शानभाग यांच्यामुळे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. पिंकी विराणी यांच्या अर्जावर ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. निष्क्रिय युथनेशियाची वाट काही अटींवर मोकळी झाली, पण अरुणाबाईंच्या बाबतीत अर्ज फेटाळला गेला, कारण त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या परिचारिकांना ते नको होते. तेव्हा मथळ्यांत कधी 'दयामरण' यायचे, कधी 'इच्छामरण'. दोन्हींत फार अंतर आहे. 'दया' ही देणाऱ्याची असते. 'इच्छा' मरणाऱ्याची; ती भीष्मांना सांगता आली, अरुणाबाईंना सांगता येत नव्हती. त्यांच्यासाठी 'इच्छामरण' लिहिणे म्हणजे त्यांच्या तोंडी न आलेले वाक्य घालणे होते. 'सुखमरण' हा शब्द मुळाला सर्वांत जवळचा, पण मागे उरलेल्यांच्या जिभेवर तो सहजी येत नाही.

९ मार्च २०१८ च्या निकालाने ही इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची किचकट पद्धत सोपी झाली. सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या कोणालाही दोन साक्षीदारांसमोर, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याच्या साक्षांकनाने असा कागद करता येतो. त्यात 'युथनेशिया' हा शब्द लिहिण्याची गरजच नाही. बरे होण्याची आशा संपल्यावर व्हेंटिलेटर लावायचा की नाही, नळीने अन्न द्यायचे की नाही, आणि आपल्याला बोलता येईनासे झाले तर आपल्या वतीने कोणी बोलायचे, हे साध्या मराठीत लिहिले तरी पुरते.