एक्स्प्लेनर : मुंबईने सोडले, आयझॉलने डोक्यावर घेतले! कसा घडला भारताचा फुटबॉल प्रशिक्षक?

डिजिटल डेस्क, छत्रपती संभाजीनगर : १७० अर्ज आणि अंतिम यादीत तीन नावे. एक स्टीफन कॉन्स्टंटाइन, ज्यांनी आधी दोनदा भारताचे प्रशिक्षकपद सांभाळले होते. दुसरे स्टेफान टार्कोविच, स्लोव्हाकियाचे माजी प्रशिक्षक. तिसरे मुंबईच्या मैदानांवर घडलेले खालिद जमील. १ ऑगस्ट २०२५ रोजी भारतीय फुटबॉल महासंघाने जमील यांची निवड केली. सावियो मेदेरा यांच्यानंतर, म्हणजे तब्बल १३ वर्षांनी, हे पद भारतीय माणसाकडे आले. हा प्रवास नेमका कसा झाला, ते समजून घेऊया.

खेळाडू म्हणून कारकीर्द कशी होती?
जमील यांचा जन्म १९७७ मध्ये कुवेतमध्ये झाला. मिडफिल्डर म्हणून ते महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि पुन्हा महिंद्रा अशा मुंबईतल्या संघांतून खेळले. भारताची जर्सीही घातली, पण मोठा स्टार ही ओळख कधी मिळाली नाही. शेवटचा संघ मुंबई एफसी. दुखापतींनी पाय थांबवले आणि २००९ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्याच संघाचे ते प्रशिक्षक झाले.

‘वाचवणारा’ प्रशिक्षक हे नाव का पडले?
लीगचे गणित सोपे आहे. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीला १, हरल्यास शून्य. तळाला राहिलेला संघ खालच्या श्रेणीत जातो. कमी पैशांच्या संघासाठी एकेक बरोबरी म्हणूनच मोलाची. बचाव भक्कम ठेवायचा, संधी मिळताच वेगाने पुढे जायचे, या पद्धतीने जमील यांनी सात वर्षे मुंबई एफसीला आय-लीगमध्ये टिकवले. खेळ पाहायला रटाळ, अशी टीकाही झाली. २०१६ मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला.

मग आयझॉलमध्ये काय घडले?
मिझोरामचा आयझॉल एफसी त्या वर्षी खालच्या श्रेणीत गेला होता. गोव्याच्या क्लबनी लीगमधून माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. जमील यांनी हाच संघ हाती घेतला. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग लाजाँगशी १-१ बरोबरी झाली आणि आयझॉल ३७ गुणांसह विजेता ठरला. मोहन बागान एका गुणाने मागे राहिला. राष्ट्रीय लीग जिंकणारा हा ईशान्य भारतातला पहिलाच क्लब. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेला!

एवढे करूनही संधीसाठी थांबावे लागले?
हो. आयएसएलमध्ये मुख्य प्रशिक्षक परदेशीच, अशी जणू रीत होती. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने परदेशी प्रशिक्षकाला हटवल्यावर सहायक असलेल्या जमील यांच्याकडे हंगामी सूत्रे आली. साखळीतला उरलेला एकही सामना न हरता त्यांनी संघाला उपांत्य फेरीत नेले. त्यानंतर ते आयएसएलचे पहिले भारतीय पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक ठरले. पुढचा मोसम मात्र फसला, संघ दहावा आला. २०२४-२५ मध्ये जमशेदपूरला त्यांनी आयएसएलच्या उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या अंतिम सामन्यात नेले.

भारतासोबत सुरुवात कशी झाली?
दमदार. काफा नेशन्स कपमध्ये भारताने ताजिकिस्तानला हरवले आणि पेनल्टीवर ओमानला नमवून तिसरा क्रमांक मिळवला. पण ऑक्टोबरमध्ये मडगावात सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही हरवले.

खरी परीक्षा कोणती?
क्लबमध्ये रोजचा सराव असतो, राष्ट्रीय संघाला मिळतात मोजके दिवस. शिवाय सिंगापूर, बांगलादेशसारख्या संघांविरुद्ध नुसते टिकून भागत नाही, जिंकावे लागते. ‘वाचवणाऱ्या’ प्रशिक्षकासाठी हा धडा नवा आहे. पण आपल्या शहरातल्या मैदानांवरही, स्वतः फार मोठे न खेळता पहाटे मुलांना घडवणारे प्रशिक्षक आहेतच. जमील यांचा निकाल काहीही लागो, त्या वाटेने भारतीय संघाच्या डगआउटपर्यंत जाता येते, हे आता सिद्ध झाले आहे.