भरतीच्या दादामागे धावणारा धाकटा : मुलांनी किती व्यायाम करावा?

साखरखेर्डा : पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे रस्त्याने धावताना दिसणे, हे साखरखेर्ड्यासारख्या विदर्भातील मोठ्या गावांत नवे नाही. दादा धावतो म्हणून पाचवी-सहावीतला धाकटाही मागे निघतो. मग घरात दोन मते पडतात. बाबा म्हणतात, ‘धावू द्या, अंग तयार होईल.’ आजी म्हणते, ‘एवढ्यात दंड काढू नको, उंची खुंटेल.’ खरे काय?

उंची खुंटते का?

आजीची भीती अगदीच हवेतली नाही. वाढत्या हाडांच्या टोकाला मऊ कूर्चा असते आणि तिला इजा झाली तर वाढीवर परिणाम होऊ शकतो. मात्र अशा इजा प्रामुख्याने देखरेखीशिवाय, चुकीच्या पद्धतीने जड वजन उचलताना होतात. नीट शिकवलेल्या ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटत नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या अहवालात नमूद केले आहे.

सूचना ऐकून तशी कृती करता येऊ लागली, म्हणजे साधारण सात-आठ वर्षांपासून, मूल असा व्यायाम सुरू करू शकते. वयात येण्यापूर्वी दंड मात्र फुगत नाहीत. ताकद वाढते ती मेंदू आणि नसा स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागतात म्हणून. आरशात फरक दिसत नाही म्हणून मूल हिरमुसते, तेव्हा हे त्याला सांगावे.

सुरुवात ओट्यावर हात टेकवून दंड काढण्यापासून करावी. जमू लागले की जमिनीवर. बैठका, सूर्यनमस्कार, दोरउड्या, झाडाच्या फांदीला लोंबकळणे, एवढे पुरते. जिमची फी लागत नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून विदर्भात देशी व्यायाम शिकवत आले आहे. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकवेळी मंडळाच्या चमूने तिथे प्रात्यक्षिके दाखवली होती. मल्लखांबातही वजन उचलायचे असते ते स्वतःच्याच अंगाचे.

दिवसाला तासभर

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम हवेत. तास सलग नको. शाळेत सायकलने जाणे, सुट्टीतली लंगडी, संध्याकाळचा खो-खो, सगळे मोजले जाते. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम म्हणजे मध्यम व्यायाम.

प्रत्यक्षात ११ ते १७ वयोगटातील जवळपास ७४ टक्के भारतीय मुले एवढी हालचाल करत नाहीत, असा २०१६ च्या आकडेवारीवरचा अंदाज आहे. जगभर मुली मुलांपेक्षाही मागे आहेत. धाकट्याची चर्चा घरात होते, धाकटीची होतच नाही.

भरतीचे माप लहानांना नको

खरी अडचण इथे आहे. भरतीत १६०० मीटर वेळ लावून धावायचे असते आणि पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा असतो. ती परीक्षा अठरा वर्षांपुढील उमेदवारांची आहे. दहा वर्षांच्या मुलाने तो गोळा फेकणे म्हणजे नेमका आजीला वाटणारा धोका. शालेय स्पर्धांतही वयानुसार हलका गोळा देतात. धाकट्याने सोबत धावावे, पण घड्याळ न लावता, थांबत-चालत. आणि आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी.

गुडघ्याखाली किंवा टाचेत रोज दुखत असेल तर धावणे थांबवावे. वाढीच्या वयात अति धावल्याने असे होते. धावताना छातीत दुखले, भोवळ आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. डब्यातल्या प्रोटीन पावडरची गरज नाही. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे-गूळ पुरेसे आहे.

उन्हाळ्यात आठच्या आत आटोपावे, सोबत पाणी असावे. आणि अंधारात डांबरी रस्त्यापेक्षा शाळेचे मैदान बरे. ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागचा दिवा असेलच असे नाही.