किरकोळ खात्यातली आत्मवंचना

आत्मवंचना (स्वतःचीच फसवणूक) म्हटलं की ढोंगी माणूस डोळ्यांपुढे येतो. पण ढोंग्याला खरं काय ते पक्कं ठाऊक असतं. आत्मवंचनेत माणूस खऱ्याकडे नीट पाहायचंच टाळतो, आणि बोलतो ते मनापासून.

घरखर्चाची वही आठवा. दूध, भाजी, रिक्षा, आणि तळाला ‘किरकोळ : ६४०’. एकही नोंद खोटी नाही; ‘सोडल्या’ म्हटलेल्या सिगारेटी मात्र त्या ‘किरकोळ’मध्ये गेलेल्या असतात.

मन स्वतःलाच कसं पटवतं, हे १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसतं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी विद्यार्थ्यांना तासभर रटाळ काम दिलं. लाकडी खुंट्या फिरवत बसण्यासारखं. मग ‘काम मजेचं आहे’ असं पुढच्या व्यक्तीला सांगायला लावलं. त्यासाठी काहींना २० डॉलर दिले, काहींना फक्त १. वीसवाल्यांचं कामाबद्दलचं मत फारसं बदललं नाही. एक डॉलरवाल्यांना मात्र ते काम खरोखरच बरं वाटू लागलं! एवढ्याशा पैशांत खोटं बोललो, हे मनाला पटेना. मग मतच वळलं, असं फेस्टिंगर यांचं स्पष्टीकरण.

म्हणूनच ‘स्वतःशी प्रामाणिक राहा’ हा उपदेश फारसा लागू पडत नाही, कारण स्वतःला फसवणाऱ्याला आपण प्रामाणिकच आहोत असं वाटत असतं. त्यापेक्षा ‘किरकोळ’ फोडून त्याच रात्री लिहावं : सिगारेट, दोन, ऑफिसखालच्या टपरीवर.