कुलूपबंद घराचा पावसाळा

मेअखेरीस चाकरमानी मुंबईला परतताना गावच्या घराची दारं-खिडक्या घट्ट लावून घेतो, आणि कुलूप निघतं ते गणपतीच्या तोंडावर. तोवर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वर्षाकाठच्या साधारण ३,००० मिलिमीटर पावसातला बराचसा पडून गेलेला असतो. गाद्यांना कुबट वास, कपाटाच्या पाठीवर काळे ठिपके, खुंटीवरच्या पट्ट्याला पांढरी बुरशी. घर कोंडलं म्हणून असं झालं, हे निदान सगळेच करतात, पण ते अर्धंच खरं आहे. जुलैत बाहेरच्याच हवेची सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात असते, तेव्हा ती हवा आत घेऊन काही वाळणार नाही. राहतं घर कोरडं राहायचं ते मुख्यतः चुलीमुळे. २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा नुसती ३० अंशांपर्यंत तापली, तरी तिची आर्द्रता ७६ टक्क्यांच्या आसपास उतरते. बुरशीला साधारण ८० टक्क्यांच्या वरची हवा मानवते, त्यामुळे तीन अंशांचा हा फरक मोठा. माळ्यावरची भातबी आणि वासे या उबेवर टिकत, वर धुरामुळे कीडही लांब राहायची. शिवाय घरात माणूस असला की सरकलेलं कौल त्याच दिवशी जागेवर बसतं. कुलूप लागलं की ऊब जाते आणि लक्षही जातं.

ऊब परत आणता येत नाही, म्हणून निदान पाणी तरी भिंतीपर्यंत येऊ द्यायचं नाही, आणि खर्च करायचाच तर तो इथे करावा. जांभा सच्छिद्र दगड आहे, पाणी पितो आणि सावकाश सोडतो. जुन्या घरांचं छप्पर भिंतीच्या बरंच पुढे येतं, जोतं उंच असतं, पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांची झड बांधतात, ती याचसाठी. आता अनेक ठिकाणी पागोळ्या थेट जोत्याशी पडतात, आणि अंगणात फरशी घातलेली असली तर तिथून उडालेले शिंतोडे हात-दीड हात वर भिंत भिजवत राहतात. पन्हळ लावून ते पाणी लांब सोडणं हे आतल्या कोणत्याही रंगापेक्षा स्वस्त आणि उपयोगी काम. ‘सिमेंटचा गिलावा केला, वर वॉटरप्रूफ रंग दिला, आता कसली ओल?’ असं विचारणारे भेटतात. पण सिमेंटला बारीक तडे जातात, त्यांतून शिरलेलं पाणी जांभ्यात अडकतं आणि रंगाच्या पापुद्र्यामुळे बाहेर पडू शकत नाही. मग लोणा लागतो, पोपडे सुटतात, आणि पुढच्या मेमध्ये पुन्हा रंगारी. चुन्याचा गिलावा दिसायला साधा, पण तो भिंतीला वाळू देतो.

मग बाहेरची हवा ओलीच असेल तर झरोके उघडे कशाला ठेवायचे? कारण वाहत्या हवेत ओल एका कोपऱ्यात साचत नाही. कपाट आणि भिंत यांच्यामधली बोटभर जागा घरात सर्वांत आधी बुरसटते, कारण तिथली हवा महिनोन्‌महिने हलत नाही. म्हणून सामान भिंतीपासून वीतभर पुढे ओढावं, कपाटाची दारं किलकिली ठेवावीत, गाद्या जमिनीवर न ठेवता खाटेवर उभ्या कराव्यात. चोर, साप, उंदीर यांची भीती रास्त आहे, पण तिला उत्तर पक्की जाळी हे आहे, बंद खिडकी नव्हे. हवेतली ओल शोषणारं यंत्र स्लॅबच्या, नीट बंद होणाऱ्या एखाद्या खोलीत चालेल. कौलांच्या फटींतून वारा येणाऱ्या घरात मात्र ते अख्ख्या कोकणाला वाळवायला बसेल, आणि पाण्याची टाकी भरली की बंद पडेल ते वेगळंच. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या एखाद्या कपाटापुरत्या काही आठवडे पुरतात. डांबरगोळ्या तर पाणी शोषतच नाहीत, त्यांचं काम कसरीपुरतं. याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे शेजाऱ्याकडे दिलेली किल्ली. श्रावणात ऊन पडलं की भर दुपारी दोन-तीन तास दारं उघडावीत, सकाळच्या ओल्या हवेत नव्हे. त्याच फेरीत कौलांखाली डाग दिसतो का, वाशाच्या टोकाला वाळवीची मातीची नळी चढली आहे का, हेही पाहून घ्यावं. या कामाचे पैसे शेजाऱ्याला आपणहून द्यावेत. ओळखीच्या भरवशावर टाकलेली फेरी लावणीच्या दिवसांत हमखास राहते.