रोमचा धातू, दख्खनचे नाणे

माहूरहून पैनगंगा ओलांडून वायव्येकडे गेले की वऱ्हाडातला मंगरूळपीर तालुका लागतो. तिथल्या तऱ्हाळा गावी १९३९ साली सातवाहनांच्या सुमारे १६०० नाण्यांचा साठा निघाला. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी त्यांचे वाचन केले, तेव्हा कुंभ, कर्ण आणि शक अशी पुराणांच्या यादीत नसलेली सातकर्णींची नावे हाती आली. पण यातले एकही नाणे सोन्याचे नाही की चांदीचे नाही. सगळी पोटीनची, म्हणजे तांब्यात कथील आणि शिसे मिसळून केलेल्या मिश्रधातूची. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि ब्राह्मी लिपीत राजाचे नाव, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे क्रुसाने जोडलेले उज्जैन चिन्ह.

त्या काळी रोमचे साधे व्यवहारही अशाच हलक्या धातूंवर चालत. सम्राट ऑगस्टसने घडी बसवली ती अशी: तांब्याचे अ‍ॅस, चार अ‍ॅसचा पितळी सेस्टर्टियस आणि चार सेस्टर्टियसचा चांदीचा दिनारियस. सेस्टर्टियस भरायचा जवळपास २५ ग्रॅम! भारताचा व्यापार दरवर्षी पाच कोटी सेस्टर्टियस गिळतो, अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रार आहे. गंमत अशी की हिशेब पितळी नाण्यात असला, तरी जहाजांतून इकडे येई ते सोने आणि चांदी. सोने परमुलखातही वजनावर चालते. पितळी नाणे मात्र ते पाडणाऱ्या सत्तेच्या पतीवर चालते, आणि ऑगस्टसची पत गोदाकाठच्या बाजारात कोण विचारणार? रोमची तांब्याची बारीक नाणी तमिळनाडू आणि श्रीलंकेत मोठ्या संख्येने सापडतात, पण ती चौथ्या-पाचव्या शतकातली, म्हणजे सातवाहन संपल्यानंतरची.

धातू मात्र येत होता. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोच बंदरातल्या आयातीत तांबे, कथील आणि शिसे ही तिन्ही नावे आहेत. पोटीनला लागतात तेवढीच! त्याच पुस्तिकेत पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून भडोचला जाई, अशी नोंद आहे. त्या गाड्या परतताना रिकाम्या येत असतील, असे मला वाटत नाही. दख्खनच्या टाकसाळींनी परका धातू घेतला आणि त्यावर आपला हत्ती उमटवला, असाच माझा कयास आहे.

अशी काळवंडलेली नाणी नांगराला लागली तर मोडीत घालू नका, चिंचेने घासूही नका. घासताना अक्षरे जातात. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.