जपानमध्ये साडीऐवजी किमोनो, पण ‘स्त्री पार्ट’ आजही हाऊसफुल्ल; मराठीत तो बालगंधर्वांनंतर का थांबला?

विष्णुपुरी (नांदेड) : जपानमध्ये २०२५ मध्ये आलेल्या ‘कोकुहो’ या चित्रपटाने तिथला २००३ पासूनचा कमाईचा विक्रम मोडला. ॲनिमेशन सोडून बाकी जपानी चित्रपटांत तो आता पहिल्या क्रमांकावर आहे. विषय काय, तर काबुकी नाटकात बाईचं काम करणारा पुरुष. नागासाकीच्या एका गुंडाचा अनाथ मुलगा काबुकीच्या घराण्यात दाखल होतो आणि घरच्या वारसाला मागे टाकून नायिका होतो. जवळपास तीन तासांचा हा चित्रपट बघायला तिथली तरुण पोरं रांगा लावत होती.

आता हीच गोष्ट मराठीत सांगून बघा. नायिकेचं काम करणारा पुरुष, त्याने नेसलेली साडी पाहून बायका तशी साडी नेसायला लागलेल्या, नाटक रात्रभर रंगलेलं, डोक्यावर कर्जाचा डोंगर. चित्रपट काढायची गरज नाही, हे सगळं खरोखर घडलं आहे. त्या माणसाचं नाव नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. फरक एवढाच की जपानमध्ये ती परंपरा चारशे वर्षांनंतरही जिवंत आहे आणि आपल्याकडे ती एका माणसासोबत जवळजवळ संपली. असं का झालं?

काबुकीत बायका का नाहीत?

गंमत म्हणजे काबुकी सुरू केलं ते एका बाईनेच. इझुमो नो ओकुनी नावाच्या नर्तकीने १६०३ च्या सुमारास क्योटोत हे नाच-नाट्य रंगवलं. ते इतकं लोकप्रिय झालं की त्यावरून मारामाऱ्या व्हायला लागल्या, वेश्याव्यवसायही त्याला चिकटला. शेवटी १६२९ मध्ये सरकारने बायकांना रंगमंचावर बंदी केली. मग कोवळी मुलं ही कामं करू लागली. त्यांच्यावरूनही तेच प्रकार सुरू झाल्यावर १६५२ मध्ये त्यांनाही बंदी आली. उरले प्रौढ पुरुष. त्यांच्यातून ‘ओन्नागाता’ तयार झाला, म्हणजे स्त्रीभूमिकेत पारंगत नट.

हे नुसतं साडी-चोळीचं सोंग नव्हे. खांदे मागे घेऊन खाली पाडायचे म्हणजे अंग अरुंद दिसतं, गुडघे जुळवून पाऊल आत वळवायचं, हात बाहीत लपवायचे. सतराव्या-अठराव्या शतकातला नट योशिझावा आयामे तर म्हणे की ओन्नागाताने घरीही बाईसारखंच वागावं, नाहीतर रंगमंचावर खोटेपणा दिसतो.

मिरजेत सुरू झालेली गोष्ट

आपल्याकडे बंदीचा कायदा नव्हता, समाजाचा धाक होता. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हापासून पांढरपेशा नाटकात सीताही पुरुषच. तमाशात बाई नाचत होती, पण ‘घरंदाज’ बाईने नाटकात तोंड रंगवणं लोकांना चालत नव्हतं.

किर्लोस्कर नाटक मंडळीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले आणि कंपनीला गाणारी नायिका मिळेना. त्याच काळात एका कोवळ्या गायकाची चर्चा होती. २६ जून १८८८ ला जन्मलेला नारायण दहा वर्षांचा असताना लोकमान्य टिळकांनी त्याचं गाणं ऐकून त्याला ‘बालगंधर्व’ म्हटलं होतं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेत उपचार करवले आणि १९०५ मध्ये मिरजेतच तो किर्लोस्कर कंपनीत शकुंतला म्हणून उभा राहिला. वय १७.

सहा वर्षांनी आला ‘मानापमान’. कृ. प्र. खाडिलकरांचं नाटक, गोविंदराव टेंबे यांच्या चाली. १२ मार्च १९११ ला मुंबईत पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली. प्रयोग रद्द करा, असं लोक सांगत होते. ते भामिनी म्हणून रंगमंचावर गेले. हा प्रसंग निष्ठेचा नमुना म्हणून आजवर सांगितला जातो. बापाच्या बाजूने पाहिलं तर तो ऐकणंही जड जातं.

१९१३ मध्ये त्यांनी गणपतराव बोडस आणि टेंबे यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘स्वयंवर’ची रुक्मिणी, ‘संशयकल्लोळ’ची रेवती, ‘एकच प्याला’ची सिंधू. या शेवटच्या नाटकाचे लेखक राम गणेश गडकरी प्रयोग बघायला राहिलेच नाहीत. जानेवारी १९१९ मध्ये ते गेले आणि पुढच्याच महिन्यात बडोद्यात नाटक उभं राहिलं. एरवी शालू आणि दागिन्यांसाठी गाजणारे बालगंधर्व सिंधूसाठी ठिगळाची साडी नेसून दळायला बसले.

आयामेचा नियम मात्र त्यांना लागू नव्हता. रंगमंचावरून उतरले की कोट-टोपीतले नारायणराव, समोरच्याला ‘देवा’ म्हणणारे, प्रेक्षकांना मायबाप मानणारे.

मग पैसा गेला कुठे?

हिशेब अगदी साधा आहे. तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष, अस्सल भरजरी कपडे, गालिचे, अत्तर, आणि कंपनीच्या पंगतीला येईल तो. उत्पन्न मोठं होतं, खर्च त्याहून मोठा. बोडस आणि टेंबे बाहेर पडल्यावर हात आवरायला सांगणारं कुणी राहिलं नाही. १९२१ च्या सुमारास लाखांवर कर्ज झालं होतं. तेव्हाचे लाख, हे लक्षात घ्या.

त्याच वर्षी ८ जुलैला मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. समोर प्रतिस्पर्धी कंपनीचे केशवराव भोसले धैर्यधर, हे भामिनी. हा प्रयोग कर्जासाठी नव्हता. पैसे टिळक स्वराज्य फंडाला गेले. स्वतःचं देणं त्यांनी पुढची काही वर्षं प्रयोगांमागून प्रयोग करून फेडलं आणि थाट तसूभरही कमी केला नाही. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर सगळी यंत्रणा एकाच खांबावर उभी होती आणि त्या खांबाला राखीव आधार नव्हता.

जपानने वेगळं काय केलं?

तिथे नट जातो, नाव राहतं. काबुकीत मोठ्या नटाचं नाव पुढच्या पिढीला समारंभाने दिलं जातं. सतराव्या शतकात सुरू झालेलं इचिकावा दांजूरो हे नाव २०२२ मध्ये तेराव्या नटाने घेतलं. रक्ताचा वारस नसेल तर दत्तक घेतात. आजचे सर्वांत मोठे ओन्नागाता बांदो तामासाबुरो पाचवे काबुकीच्या घरात जन्मलेले नाहीत. १९५० मध्ये टोकियोत जन्म, लहानपणी पोलिओ, पायाला व्यायाम म्हणून नाच शिकवला. मोरिता कान्या चौदावे यांनी त्यांना दत्तक घेतलं आणि १९६४ मध्ये त्यांना हे नाव मिळालं. २०१२ मध्ये सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरवलं. चित्रपटाच्या ‘कोकुहो’ या नावाचा अर्थही राष्ट्रीय ठेवाच.

घराण्यांच्या मागे शोचिकू ही मोठी कंपनी आहे. १९६६ मध्ये सरकारी राष्ट्रीय नाट्यगृह झालं आणि १९७० पासून तिथे घराण्याबाहेरच्या मुलांनाही काबुकीचं प्रशिक्षण मिळू लागलं.

आपल्याकडे नावं आली, पण गादी आली नाही. सवाई गंधर्व, छोटा गंधर्व, कुमार गंधर्व ही सगळी कौतुकाने दिलेली नावं. यातल्या पहिल्या दोघांनी स्त्रीभूमिकाही केल्या. पण ‘बालगंधर्व दुसरे’ कुणी झालं नाही. गाणं मात्र पोचलं, कारण त्याच्या तबकड्या निघाल्या आणि नाट्यगीत शिकवणारे गुरू होते. मान किती वळवायची, पदर कधी सावरायचा, हे शिकवणारी शाळा नव्हती.

बोलपट आला आणि बाईही आली

१९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला, त्यात तारामती दुर्गा खोटे होत्या. १ जुलै १९३३ ला ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आलं आणि त्यात ज्योत्स्ना भोळे व पद्मावती वर्तक या स्त्रियाच स्त्रीभूमिकेत होत्या. पन्नाशीकडे निघालेल्या भामिनीला याला उत्तर नव्हतं.

बालगंधर्वांनीही सिनेमा करून पाहिला. १९३५ च्या प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते पैठणचे संत एकनाथ झाले. व्ही. शांताराम दिग्दर्शक. चित्रपटाचं आधीचं नाव ‘महात्मा’ सेन्सॉरने बदलायला लावलं होतं. मराठवाड्यातल्या वाचकाला यात एक योगायोग दिसेल. एकनाथांच्या भारुडात पुरुष लुगडं नेसून सासुरवाशीण होतो, ते आजही गावोगावी चालतं. आणि मराठीतला सर्वांत मोठा ‘स्त्री पार्टी’ नट एकनाथ झाला तेव्हा धोतर-उपरण्यात होता. प्रभातशी भागीदारी त्या एकाच चित्रपटावर संपली.

१९३८ मध्ये गोहरबाई कर्नाटकी कंपनीत आल्या आणि नायिका झाल्या. बालगंधर्व पुरुष भूमिकेत गेले. १९५१ मध्ये दोघांनी लग्न केलं. त्यावरून जवळची माणसं दुरावली. पुढे पाय अधू झाले, तरी ते बसून गात राहिले. संगीत नाटक अकादमीचा सन्मान १९५५ मध्ये आला, पद्मभूषण १९६४ मध्ये. गोहरबाई त्याच वर्षी गेल्या.

मग हे नुकसान की फायदा?

दोन्ही. काबुकीच्या मुख्य रंगमंचावर नायिका होण्याची वाट आजही बाईला बंद आहे. विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या ललित व प्रयोगजीवी कला संकुलात नाटक शिकायला येणारी मुलगी सिंधूचं काम स्वतः करते, त्यासाठी तिला कुणाची परवानगी लागत नाही. ही वाट मोकळी होण्यासाठी भामिनीने बाजूला होणं भागच होतं. हळहळ असलीच तर ती या गोष्टीची की एवढी मोठी अभिनयविद्या नोंदवून ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

बालगंधर्व १५ जुलै १९६७ ला पुण्यात गेले. मुठेकाठी त्यांच्या नावाच्या रंगमंदिराचं भूमिपूजन त्यांच्याच हस्ते १९६२ मध्ये झालं होतं. उद्घाटन झालं २६ जून १९६८ ला, त्यांच्या जयंतीदिवशी. तिथे चित्रकार गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन मोठी चित्रं लावली आहेत. एकात नारायणराव आहेत, दुसऱ्यात त्यांची नायिका.